कर्नलसाहेबांची खासदारकी

माझ्या सासऱ्यांइतका नालायक खासदार या देशाने पाहिला नसेल. हे मी सून म्हणून कुरकुरत नाही, मायेनेच सांगते आहे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मामाजी फौजेतून कर्नल होऊन निवृत्त झाले, गोंदियाजवळ फुलचूरला घर बांधून राहिले आणि कुंपणाची मेंदी दोरी लावून कापण्यात सुखी होते. तेवढ्यात निवडणूक आली. पक्षातले दोन पुढारी तिकिटासाठी हट्टाला पेटलेले. शेवटी दोघांनाही ज्याची भीती वाटणार नाही असा माणूस शोधण्यात आला. वर्दीतला फोटो पोस्टरवर फार छान दिसला आणि मामाजी दिल्लीला गेले.

तिथे ते सगळ्यांच्या आधी जागेवर बसत आणि सगळ्यांच्या नंतर उठत. बोलायचं असलं की हात वर करून थांबत, त्यामुळे बोलायला फारसं मिळालंच नाही. एकदा पक्षाचा हुकूम सुटला की सर्वांनी अध्यक्षांच्या आसनापुढे धावून जाऊन घोषणा द्यायच्या. हुकूम म्हणजे हुकूम, मामाजी गेले, मात्र शिस्तीत चालत. अध्यक्ष म्हणाले, आपापल्या जागेवर जा. मामाजींच्या हिशेबी हाही हुकूमच. ते टाचेवर वळले आणि एकटेच परत येऊन बसले. घरी टीव्हीपुढे सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. रडताहेत की हसताहेत ते मला कळेना.

मतदारसंघात त्यांची खरी अडचण वेगळीच होती. त्यांना ‘बघतो’ म्हणता येत नसे. त्यांची पत्रं मी लिहायची, म्हणून दौऱ्यावर मलाही सोबत नेत. इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला एक गाव आहे. तिथल्या लोकांनी धानाला पाणी मागितलं. मामाजींनी नकाशा पसरून तासभर समजावलं की कालवा राज्य सरकारचा, त्यात खासदाराचं काही चालत नाही, आणि या हंगामात तरी पाणी येत नाही. मग समोर बसलेले एक म्हातारे शेतकरी हात जोडून म्हणाले, “साहेब, नाही नोका म्हणू जी. होऊन जाईल म्हणा. पंधरा दिवस तरी बरं वाटते.”

मामाजींनी नकाशाची घडी घातली. गाडीत ते म्हणाले, “सूनबाई, जमलं नाही गं मला.”

पुढच्या निवडणुकीत त्या गावाने, आणि इतरही बऱ्याच गावांनी, मामाजींना घरी बसवलं. व्हरांड्यातल्या खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या. मामाजी काही दाखवत नसत, पण फाटक वाजलं की पेपर खाली ठेवत. बहुतेक वेळा दूधवाला असे.

अशातच एका दुपारी कालव्याच्या टोकाच्या गावचे ते म्हातारे दोन बस बदलून आले. हातात पिशवी, पिशवीत पाण्याच्या अर्जाचा कागद. मामाजींनी आधीच सांगून टाकलं की मी आता खासदार नाही.

“मालूम हाये जी,” म्हातारे म्हणाले. “नव्या साहेबानं हो म्हटलं. म्हणून तुमाले विचाराले आलो, खरंच होते का.”

मामाजींनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला, तारखा पाहिल्या आणि म्हणाले, “नाही होणार.” म्हाताऱ्यांनी मान हलवली. चेहरा पडला नाही, उलट खांदे जरा सैल झाले. म्हणाले, बरं झालं, आता पोराले चकरा माराले नाही लावत. मग दोघं चहा पीत धानावरच्या किडीबद्दल बराच वेळ बोलत राहिले. निघताना मामाजी स्वतः बसपर्यंत सोडायला गेले. मी गच्चीवरून पाहिलं, तर पिशवी मामाजींच्या हातात, आणि म्हातारे मागून “द्या ना जी इकडं” म्हणत घाईघाईने चाललेले.

मामाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. अजूनही अधूनमधून लांबच्या गावचं कोणी तरी फाटकाशी येतं आणि कर्नलसाहेब आहेत का म्हणून विचारतं. काय काम होतं म्हटलं, तर म्हणतं, काम काही नाही, एक गोष्ट विचारायची होती. मी पाणी देते. ते पितात, थोडा वेळ बसतात आणि जातात.