चपलांसकट आत

इंजिनिअरकाकांनी, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांनी, उभ्या आयुष्यात एकही पूल बांधला नाही. शाळेत गणित शिकवलं आणि मधून मधून तुरुंगात जाऊन आले. परदेशी शिकून आलेला माणूस असा का वागला, याला आमच्या घरात सगळ्यांकडे एकच उत्तर: "डोकं फिरलं होतं!" या उत्तराने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. फिरलं नव्हतं, ताळ्यावर आलं होतं.

त्यांचे वडील, अण्णा, परक्या सरकारच्या बांधकाम खात्यात कारकून. तिथला नियम असा, की साहेबाच्या खोलीत जाताना आपल्या माणसाने चपला दाराबाहेर काढायच्या. विलायती बूट असतील तर मात्र खुशाल घालून जा. अण्णा जन्मभर त्या गार फरशीवर अनवाणी उभे राहिले, आणि मुलावर ती वेळ नको म्हणून त्याला सातासमुद्रापार धाडलं.

तिकडे काकांना खोली मिळेना. दारावर 'खोली रिकामी' अशी पाटी असायची, पण यांचा चेहरा दिसला की खोली भरायची. शेवटी एक तळघर मिळालं. घरमालक भोकं पडलेल्या सपाता घालून कोळसे वाहायचा आणि बायकोची बोलणी खायचा. ज्यांच्यापुढे अण्णांची मान वर होत नव्हती, ते हेच लोक!

शेजारच्या खोल्यांत त्याच सरकारच्या टाचेखालच्या दुसऱ्या देशांतली मुलं होती. एकदा चहा पिताना काकांनी चपलांचा नियम हसत हसत सांगितला. एकजण म्हणाला, "अरे, हा तर आमच्याकडचा!" दुसराही तेच म्हणाला. मग कुणीच हसलं नाही. काका म्हणायचे, "घरून निघालो तेव्हा मी अण्णांचा मुलगा होतो. त्या चहाला मला देश मिळाला."

परत आल्यावर अण्णा त्यांना नोकरीसाठी साहेबाकडे घेऊन निघाले. बूट चकचकीत करून ठेवले होते, पण काका चपला घालूनच निघाले. नवे बूट चावत असतील, अशी अण्णांनी स्वतःची समजूत घातली. दाराशी अण्णांनी सवयीने चपला काढल्या. काका चपलांसकट आत.

"बाहेर काढ त्या," साहेब म्हणाला.

"तुमच्या देशात फाटक्या सपाता पाहिल्यात मी. या तर धड आहेत."

नोकरी तिथेच बुडाली. घरी अण्णा कडाडले, "एवढं शिकवलं ते हे दिवे लावायला? बूट होते ना रे?"

"माझ्याकडे होते, अण्णा. तुमच्या पायांचं काय?"

"माझ्या पायांची उठाठेव तू करू नकोस!"

तेव्हापासून बापलेकांचा अबोला. काका चळवळीत पडून तुरुंगात गेले तरी अण्णा भेटीला जाईनात. आजेसासूबाईंनी, म्हणजे काकांच्या आईने, अन्नपाणी सोडलं, तेव्हा कुठे निघाले.

तुरुंगाधिकाऱ्याच्या दाराशी पहारेकरी म्हणाला, "आजोबा, चपला काढा. आत साहेब आहेत."

अण्णा सवयीने वाकले. हात चपलेपर्यंत गेला. मग तसेच ताठ झाले.

"आत माझा मुलगाही आहे," म्हणाले.

भेट नाकारली गेली. घरी आजेसासूबाईंनी विचारलं, "भेटला का हो?"

"भेटला," अण्णा म्हणाले, आणि चपला न काढताच खुर्चीत बसून राहिले.