कॅन्सल म्हंजे येत न्हाई

रुद्राणी लातुरात एका ऑफिसात कामाला. हिरीतली पाण्याची मोटार मोबाईलवरून चालू-बंद करायचं ॲप बनवतेत तिथं, आन् बटनांवर इंग्रजी शब्द लिहायचं काम हिचं. आपल्यात मोटारबी बंद, शाळाबी बंद, बोलणंबी बंद. एकाच शब्दात भागतंय. इंग्रजीचं तसं न्हाई. ही सोपं लिहायची, तर साहेब म्हणायचे, "जरा भारी वाटू दे." म्हणून एक बटन 'स्टॉप' आन् एक 'डिसेबल'.

अहमदपूरजवळ तिचं गाव. बापाला, महादेवप्पाला, तिनं तेच ॲप बसवून दिलं. लाईट आली की मोटार आपोआप फिरती. लाईट नसली तरी हिरीवरची मोटारीची पेटी बॅटरीवर फोनचं ऐकती.

त्या दिवशी बाराला दहा कमी असताना तिच्या अव्वाचा, म्हंजे आईचा, कमलम्माचा, फोन आला. आई पार घाबरी झालेली.

"मलप्पाकाका हिरीत हाय तुझा. मोटारीत दोरी गुतली, काढाया गेला आन् हातच फसला. पेटीला कुलूप. चावी तुझ्या बापाच्या खिशात, आन् बाप फोन घरी ठिवून बाजारात. तोच घिऊन हिरीवर आलेय मी."

"लाईट कधी येती?"

"बाराला."

रुद्राणी म्हणली, "स्पीकर लाव. ॲप उघड. काय दिसतंय?"

कमलम्मा सातवी शिकलेली, अक्षरं जुळवून वाचायची. "स्टॉप. ते मी तीनदा दाबलंय, तू घाबरू नको."

घाबरायचं तर तेच होतं. स्टॉपनं चालू मोटार थांबती. लाईट आली की पुन्हा फिरती. तिला फिरूच न द्यायचं काम डिसेबलचं.

"ते न्हाई अव्वा. त्याच्या खालचं लांब नाव हाय ते दाब."

"दाबलं. आता दोन आलेत. ओके आन् कॅन्सल." हिनं तोंड उघडायच्या आत कमलम्मा म्हणली, "केली बघ मोटार कॅन्सल."

स्टँडावर गाडी कॅन्सल म्हंजे गाडी येत न्हाई, हेच तिनं जन्मभर ऐकलेलं. इथं मातर कॅन्सल म्हंजे बटन दाबलंच न्हाई असं धरायचं. आन् तो शब्द पोरीनंच लिहिलेला.

खालून मलप्पा म्हणला, "वहिनी, झालं का? का जेवण इथंच धाडता?"

"अव्वा, पुन्हा लांब बटन. दाबलं? आता ओके. फकस्त ओके."

"दाबलं."

तेवढ्यात पेटीवरचा लाल दिवा लागला, लाईट आली. कमलम्मानं डोळेच मिटले.

"काका?" रुद्राणी फोनातून म्हणली.

"हाय की. मोटार गप हाय. कुणीतरी विळा द्या."

तवर पळत आलेल्या शेजाऱ्यानं उतरून दोरी कापली. दोन बोटं सोलली, पण हात वाचला.

दुसऱ्या दिवशी रुद्राणीनं डिसेबलच्या जागी नवे शब्द लिहिले, आन् साहेबाला दाखवायच्या आधी घरी फोन लावला.

"अव्वा, 'कीप ऑफ' म्हणलं तर काय समजशील?"

"ऑफ समजतंय. कीप काय हाय?"

तिनं ते पुसलं. "आन् 'डोन्ट स्टार्ट'?"

"डोन्ट म्हंजे नको. स्टार्ट करू नको. हे लिही, बाय. आन् ते कॅन्सल काढ तिथलं."

साहेब म्हणले, लई साधं दिसतंय. रुद्राणी म्हणली, दिसू द्या.