पोटातलं पाणी आणि माझे डोहाळे

थोरल्या लेकीला दिवस गेले, त्याच सुमारास माझंही पोट वाढायला लागलं. वय पंचेचाळिशीचं, पाळी चुकलेली. त्या काळातल्या त्या अतिशहाण्या बाईने, म्हणजे मीच, कुणाला न विचारता ठरवून टाकलं की आपल्यालाही दिवस गेलेत. आई आणि लेक एकदमच बाळंत होणार. लाज वाटायची, पण खोटं कशाला बोलू, आरशापुढे एका अंगाने उभी राहून मी जरा मिरवायचेसुद्धा.

डोहाळे सगळे खारट. मीठ लावलेली चिंच, लोणच्याचा खार, खर्डा-भाकरी. जितकं खारट खावं तितकं पोट वाढे, आणि जितकं वाढे तितकी माझी खात्री पटे. पाय सुजले, तेही मी बाळावरच ढकललं.

थोरल्या जाऊबाईंना, आमच्या अक्कांना, माझ्या पिवळ्या डोळ्यांचा संशय आला. त्यांनी मला ओढतच राजारामपुरीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफी झाली. बाई म्हणाल्या, "बाळ नाही. पोटात पाणी झालंय. लिव्हर खराब आहे."

दारूला तर मी कधी शिवले नव्हते. पण जुनी कावीळ म्हणे आतल्या आत लिव्हर पोखरत होती. मीठ बंद केलं नाही, तर लेकीचं बाळंतपण बघायला मी असेन याची खात्री नाही, हेही बाईंनी तोंडावर सांगितलं. मग सुईने पाणी काढलं. भरलेल्या बाटल्या बघून अक्का म्हणाल्या, "बारशाची पंगत उठंल एवढं पाणी हाय की गं हे."

कोल्हापुरात राहून अळणी जेवायचं. घरात तांबडा रस्सा उकळायचा आणि मी त्याच्या वासावर भाकरी खायची. मिठाची बरणी अक्कांनी आपल्या कपाटात कुलपात घातली. एकदा लोणच्याची फोड चोरली, ती त्यांनी माझ्या तोंडातून काढायला लावली. पाणी पुन्हा भरलं, पुन्हा सुई. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पोट ठोकून बघितलं, कुशीवर वळवून परत ठोकलं, आणि सुई बाजूला ठेवली. काढायला पाणीच नव्हतं. मी दवाखान्यातून घरापर्यंत चालत आले, रिक्षावाल्यांना मुद्दाम नाही म्हणत.

बारशाला मी जमिनीवर ऐसपैस बसले. कित्येक महिन्यांनी मला मांडी होती, आणि तिच्यावर नात होती. अक्का वाकून म्हणाल्या, "ह्ये तरी खरं हाय न्हवं? का ह्यातबी पाणीच?"

तेवढ्यात नातीने माझं लुगडं भिजवलं.

"पाणी बी हाय की, अक्का," मी म्हणाले.