पूर्वेच्या गॅलरीतली चांदरात

त्या वर्षी पाडवा आणि चांदरात एकाच संध्याकाळी आली आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला. कशासाठी, तर मुलीच्या एका कार्डासाठी.

आमच्या खालच्या मजल्यावर तिची मैत्रीण राहायची. पहिलीपासून दोघी एका बाकावर. तिच्या घरमालकाने भाडेकरार वाढवला नाही. कारण सांगितलं नाही, पण आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि माझं डोकं त्यावरून तापलेलंच होतं. सामान सकाळीच टेम्पोने शीळफाट्याच्या नव्या घरी गेलेलं. रोजा सोडला की घरचे सगळे रिक्षाने भिवंडीला मामाकडे जाणार, ईद तिथेच, मग परस्पर नव्या घरी. म्हणजे कार्ड द्यायचं तर आजच.

पण पोरींचा नियम. चांद दोघींनी बघायचा, मगच कार्ड द्यायचं. आधी दिलं तर ते कार्ड धरत नाहीत, असं मैत्रिणीने ठणकावून सांगितलेलं.

कार्ड छान झालं होतं. निळ्या घोटीव कागदावर आमची बिल्डिंग, एका खिडकीत गुढी, एका खिडकीत शिरखुर्म्याचं पातेलं. वर चमकी लावलेली चंद्राची कोर, पालथी, बिल्डिंगवर छत्री धरावी तशी. ती चमकी अजूनही कधीकधी पोळपाटावर सापडते.

गुढी उतरवली आणि आम्ही मागच्या गॅलरीत जाऊन बसलो. संकष्टीचा चंद्र आम्हाला तिथूनच दिसतो, समोरच्या टॉवरच्या डोक्यावर. मला बसवेना. दूध बघून आले, कठडा पुसला, कॅलेंडर चाळलं. आजच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळच नव्हती. छापणाऱ्यांना काय होतं चार आकडे टाकायला, म्हणून मी करवादले.

"आई, एका जागी बस ना."

"तू बघ टॉवरकडे. नजर हटवू नकोस."

बाहेर गेलेला नवरा परत आला, तर आम्ही अंधारात तशाच. "संकष्टी आहे का आज?" तो म्हणाला. "अगं, कालच अमावास्या झाली. आजची कोर पश्चिमेला असते, सूर्यामागोमाग जाते. आता कुठली दिसायला?"

पाडव्याची गुढी मीच उभारली होती. काल अमावास्या होती हे मला कुणी सांगायला नको होतं. पण चंद्र म्हटलं की टॉवर, एवढंच डोक्यात.

आम्ही गच्चीवर धावलो. पश्चिमेला पाण्याच्या टाकीवर काही नव्हतं. मुलगी रडलीसुद्धा नाही. खाली रिक्षा येऊन उभी होती.

तेवढ्यात मैत्रीण धापा टाकत वर आली, एका हातावर मेंदी. "कुठे होतीस? मी इथेच उभी होते. दिसला पण."

मुलीने कार्ड पाठीमागे नेलं. "मला नाही दिसला. मग कसं देऊ?"

"अगं दे बाई," मी म्हणाले. "ते निघाले."

"नियम आहे, काकू," मैत्रीणच मला म्हणाली. मग मुलीकडे वळून, "दाखव तरी."

तिने कार्ड हातात घेतलं, कोरीकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा उलटा काढलायस." तिने कार्ड फिरवलं. बिल्डिंग खाली डोकं वर पाय झाली, गुढी लोंबायला लागली. पाय उंचावून तिने ते टाकीच्या वर, आभाळाला लावून धरलं.

"असा होता. इथेच. बघ."

मुलगी मान वर करून बघत राहिली. खालून रिक्षाचा हॉर्न वाजला, परत वाजला. मला वाटत होतं, वाजू दे.

"दिसला," ती म्हणाली.

"मग आता हे माझं."

कार्ड तसंच उलटं धरून मैत्रीण जिना उतरली.