प्रागमधली आखाजी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या पोरीसुद्धा माहेरी येतात. आमच्या एरंडोलकडच्या गावात त्या दिवसांत निंबाच्या फांद्यांना झोके लागतात, आणि ज्या घरी लेक आली नाही तिथे दोन-तीन बाया तरी चौकशीला येतातच. मी तर बिनलग्नाची, त्यात एकुलती एक. तरी त्या वर्षी गेले नाही. जर्मनीत शिकत होते. परीक्षा आहे म्हणून आईला सांगितलं आणि वसतिगृहातल्या दोन मैत्रिणींबरोबर दोन दिवस प्राग बघायला निघाले.

परीक्षा-बिरीक्षा काही नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, त्या थंडीत गेले होते आणि ही त्यांच्या नावाची पहिली घागर होती. आमच्याकडे आखाजीला गेलेल्या माणसासाठी नवी मातीची घागर पाण्याने भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, शेजारी आंबे. मग चुलीतले निखारे काढून त्यांवर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकतात. ही आगारी. ती झाल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. "आगारी काका टाकतीन, पन तू समोर पाहिजे," आई म्हणाली होती. आबा ज्या ओट्यावर बसायचे तिथे घागर बघायची माझी छाती होईना. काय करणार, पळ काढला.

प्राग देखणं आहे, त्यात वाद नाही. लाल कौलं, दगडी पूल, पुलावरचे काळे पडलेले संत. पण नदीकाठी उभं राहून मला प्रश्न पडला तो गिरणेला या दिवसांत पाणी असेल का, हा. घर टाळायला इतक्या लांब आले आणि डोक्यात घराशिवाय दुसरं काही नाही. माझा मलाच राग येत होता.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी मैत्रिणींनी निखाऱ्यावर भाजलेला, साखर-दालचिनी लावलेला गरम पाव आणला. भुकेनं जीव चालला होता, तरी पोट बिघडलंय म्हणून मी हात लावला नाही. घरी आगारी व्हायची होती. घरी जायचं टाळलं, पण आगारीआधी तोंडात घास घालवेना.

तिथल्या जुन्या चौकात शेकडो वर्षांचं घड्याळ आहे. तासाचा ठोका पडला की वरच्या दोन खिडक्या उघडतात आणि आतून पुतळे फिरत जातात. ते बघायला आम्ही गर्दीत उभ्या होतो. नऊला पाच मिनिटं असताना आईचा व्हिडिओ कॉल आला. घरी साडेबारा होत आले होते, म्हणजे आगारीची वेळ. उचलावा तर पितळ उघडं पडणार, न उचलावा तर आगारी चुकणार. मी एका भिंतीला पाठ लावली आणि उचलला.

"परीक्षा शे ना आज? मंग बाहेर कशी?" आईनं विचारलं. मी काही जुळवाजुळव करणार तेवढ्यात ठोके पडू लागले. लोकांनी एकदम मोबाइल वर धरले, कल्ला झाला. आईला सगळं ऐकू गेलं.

"तू कोठे शेस?"

"प्रागला," मी म्हटलं. "फिरायला आले. आई, मला नसतं बघवलं गं."

आता बोलणी खाणार, असं धरून मी खाली बघत राहिले. पण परीक्षेबद्दल आईनं एक अक्षर काढलं नाही. फोन हातात तसाच धरून ती ओट्याकडे गेली आणि तिनं तो घागरीसमोर धरला.

"आबाले दखाड," ती म्हणाली. "त्यास्ले भलती हौस व्हती."

होतीच. फोनवर आबा माझं तोंड कधी बघायचेच नाहीत. "तू ते घरनीच शेस, बाहेरनं दखाड," म्हणायचे. मग मी रस्ते, ट्राम, शेतं दाखवायची आणि ते प्रश्न विचारून माझा जीव खायचे. शेतात काय पेरलंय, कौलं कुठून आणतात, गायी दिवसभर उभ्या का.

मी कॅमेरा फिरवला. "आबा, हे घड्याळ. ही कौलं बघा, आपल्यासारखीच लाल." गर्दीतून वाट काढत मी बोलत चालले. मैत्रिणी मागून हाका मारत होत्या. डोळे वाहत होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता. तिकडून काकांचा आवाज आला, "वहिनी, निखारा विझी जाई."

"थांबा जरा, भाऊ. त्यास्ले देखू द्या," आई म्हणाली.

मी पुलापर्यंत गेले. पुतळे दाखवले, नदी दाखवली. प्रत्येक वाक्यानंतर मी सवयीनं थांबत होते, आबा आता काही विचारतील म्हणून.