चहाडखोर पोट

शहापूरच्या दवाखान्यात एक मावशी मला दर महिन्याला भेटत. खर्डीच्या, अंगाने चांगल्या भरलेल्या. आम्हा दोघींनाही ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं तो आजार.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, "चरबी नुसती पडून राहत नाही. ती हार्मोन सोडते, त्यातले काही सूज वाढवतात."

तेव्हापासून बाकावर बसल्या की त्या पोटाला चापट मारून दटावत, "गप बस गो चहाडखोर! गुडघ्याला काय सांगू नको."

एकदा नव्या इंजेक्शनच्या भीतीने मी आत न जाताच उठले.

"कुठं चाललीस गो? आधी पानी पी," म्हणत त्यांनी बाटली दिली.

माझ्या सुजलेल्या बोटांनी झाकण फिरेना, त्यांच्याही नाही. मग त्यांनी बाटली गुडघ्यांत आवळली आणि झाकण दातांनी फिरवलं. पाण्याची पिचकारी उडाली ती माझं नाव पुकारायला आलेल्या कंपाउंडरच्या तोंडावर.

"पुकारा ना भाऊ, थांबलात का?" त्या गंभीरपणे म्हणाल्या.

मी हसत हसतच आत गेले. सुई टोचून झाली, हे मला नर्सने सांगितलं तेव्हाच कळलं.