गळतीची वात

यांच्या ऑपरेशनच्या सकाळी मी देवाशी चक्क सौदा केला, हे आधीच कबूल करते. गुलमंडीमागच्या आमच्या गल्लीत महादेवाचं लहानसं देऊळ आहे आणि पूजा आमच्या घराकडे. पिंडीवर टांगलेल्या तांब्याच्या अभिषेकपात्रातून, म्हणजे गळतीतून, थेंब थेंब पाणी पडत असतं. तिच्या छिद्रात कापसाची वात घट्ट बसवलेली असते, म्हणून एकदा भरली की संध्याकाळपर्यंत पुरते. दुष्काळाचं वर्ष होतं, नळ आठ-आठ दिवसांनी यायचा. तरी मी बोलून बसले, ‘हे बायपास होऊन घरी येईपर्यंत गळती कोरडी पडू देणार नाही.’ वर भक्तीच्या भरात वात ओढून सैलही केली. यांच्या जिवाचा प्रश्न, तिथे थेंबांची काटकसर कसली, असं मला वाटलं.

दुपारी जाऊन पुन्हा भरायची होती. पण दुपारी डॉक्टर बाहेर आले. शस्त्रक्रिया झाली, हृदय चालू झालं, पण हृदयाचं काम करणाऱ्या यंत्रावरून काढताना रक्तदाब टिकत नव्हता. संध्याकाळी यांना अतिदक्षता विभागात आणलं, तरी तेच. घडीत दाब खाली जायचा, घडीत भलताच चढायचा. मला बाहेरच्या बाकावरून उठवेना. त्या दिवशी मला सरळ देवाचा राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच मिनिटं आत सोडलं. यांच्या उशाशी एक छोटं यंत्र नळीतून औषध सोडत होतं. पडद्यावरचा आकडा घसरताना पाहून माझा धीर सुटला. “सिस्टर, जरा जास्त सोडा ना औषध!”

“नाही काकू,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मघाशी किंचित वाढवलं तर दाब एकदम चढला. टाके ताजे आहेत. त्यांना पेलेल तेवढंच देते.”

त्यांनी एक बटण दाबलं, आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या. आणि मला माझी वात आठवली. सैल सोडलेली गळती कालच, तासाभरात रिकामी झाली असणार. फोन तरी कोणाला करणार? आमच्या गल्लीतली घरं एकेक करून दुकानं झाली, माणसं नव्या वसाहतींत गेली. उरल्या फक्त समोरच्या सुमनबाई, मूळच्या पिशोर गावच्या. नळाच्या बारीवरून भांडून त्यांच्याशी माझा दोन वर्षं अबोला होता.

बाहेर येऊन मी हात जोडले. ‘माझ्याच्यानं नवस पाळला गेला नाही. आता तुला योग्य वाटेल तेवढं तू दे.’ पहिल्यांदाच मी काही मागितलं नाही. रडू आलं, आणि मग बरंच शांत वाटलं. त्या दुपारपासून यांचा दाब हळूहळू स्थिरावू लागला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आता घरी जाऊन अंघोळ करून या.”

मी आधी देवळात गेले. पिंडी ओली होती. गळतीतून एकेक थेंब पडत होता.

मागून सुमनबाई आल्या, हातात कळशी. “काय हो वहिनी, धार सोडून गेल्या व्हय? समदं पाणी मोरीला चाललं व्हतं! लई राग आला मला. वात घट्ट केली अन् माझ्या ड्रमातून भरीत बसले. देवाला काय धार लागती? थेंब लई झाला.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “दादा कसे हायेत?”

मी त्यांचा हात धरून तिथेच पायरीवर बसले. त्यांनी पहिली कळशी कधी ओतली, गळती मधे कोरडी पडली की नाही, हे मी विचारलं नाही, आजही विचारत नाही.

यांना घरी येऊन आता वर्षं झाली. नळ आला की पहिली बारी सुमनबाईंची असते. गळती मी भरते, पण वात त्याच बसवतात. माझा हात अजूनही सैल सोडतो.